रेणूची तेलकट बाजू कशी मोजावी

डॉकिंगचा, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसवून पाहण्याचा, निकाल हाती आला की यादीत पहिला नंबर बहुधा सगळ्यात लठ्ठ रेणूचा असतो. दोन-तीन बेंझिनची कडी, एक लांब कार्बनची साखळी, कोपऱ्यात एक-दोन क्लोरीन. सॉफ्टवेअर त्याला उणे दहा-अकरा गुण देतं आणि प्रकल्प अहवालात ‘सर्वोत्तम लिगँड’ (लिगँड म्हणजे प्रथिनाला जोडला जाणारा रेणू) म्हणून त्याचं रंगीत चित्र झळकतं. पण हा रेणू प्रथिनाच्या त्या खोबणीसाठी खास आहे, की पाण्यापासून तोंड लपवायला आडोसा मिळाला म्हणून तिथे बसलाय? दुसरी शक्यता खरी असेल, तर तो उद्या दुसऱ्या कुठल्याही तेलकट खोबणीत तितक्याच आनंदानं बसेल.

हा लेख पिंपरी-चिंचवडमधल्या फार्मसी, रसायनशास्त्र आणि बायोटेक शिकणाऱ्यांसाठी आहे, तसाच भोसरी-तळवडे-चाकण पट्ट्यातल्या क्यूसी प्रयोगशाळांत रोज एचपीएलसीसमोर बसणाऱ्यांसाठीही. रेणूच्या हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी टाळणाऱ्या, पृष्ठभागाचा प्रथिनाशी जुळण्यावर किती परिणाम होतो याचा अंदाज कसा करायचा आणि तो कुठे फसतो, हे सांगायचं आहे. उदाहरण दुरून आणायची गरज नाही. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपल्या भाषेत एच.ए. कंपनी, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिली आणि १९५५मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन जीच्या बाजूला बेंझिनचं जे एक कडं लटकलेलं असतं, त्याच्यामागे मुकाट्यानं चालत गेलं की हा विषय जवळजवळ सगळा समजतो.

आधी मूळ कारण. मिसळीच्या रश्शावर तर्रीचे थेंब एकमेकांना भेटले की एक होतात. तेलाचं तेलावर फार प्रेम असतं म्हणून नव्हे, तर तेलाला लागून असलेल्या पाण्याची अडचण त्यामुळे कमी होते म्हणून. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात. तेलकट पृष्ठभागापाशी त्यांना धरायला हात मिळत नाही, त्यामुळे ते तिथे अवघडून, ठरावीक दिशेनंच उभे राहतात. लिगँडची तेलकट बाजू प्रथिनाच्या तेलकट बाजूला टेकली की दोन्हींच्या मधलं असं पाणी सुटं होतं. जोडणीची बरीचशी ताकद या सुटकेतून येते. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९मध्ये प्रथिनांच्या घडणीत या परिणामाचं महत्त्व ठसवलं. ली आणि रिचर्ड्स यांनी १९७१मध्ये पाण्याच्या रेणूएवढा, १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल रेणूवर फिरवून पाण्याला पोहोचता येणारं क्षेत्रफळ मोजण्याची रीत दिली. आजची सॉफ्टवेअर अजून तेच करतात. १९७४मध्ये सायरस चोथिया यांनी त्या क्षेत्रफळाला किंमत लावली : झाकल्या गेलेल्या दर चौरस अँगस्ट्रॉम तेलकट पृष्ठभागामागे साधारण २५ कॅलरी प्रति मोल.

हा आकडा पाठ करण्याआधी त्याच्या मर्यादा ऐका. कुठल्या द्रावकातून मोजलं आणि क्षेत्रफळ कसं काढलं यावर तो १५ ते ५० यांच्या दरम्यान कुठेही येतो. फेनिलअॅलनीनची बाजूची शाखा घ्या. तिचं तेलकट क्षेत्रफळ सुमारे १७५ चौरस अँगस्ट्रॉम. २५नं गुणलं तर ४.४ किलोकॅलरी. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीमागे बंधन दहापट घट्ट होतं, या हिशेबानं दीड हजारपटीपेक्षा जास्त. तीच शाखा ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यात वाटून मोजली तर फरक लॉगच्या १.८ घरांचा, म्हणजे फक्त साठपट. एकाच कड्याची दोन मापं, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी. क्षेत्रफळावरून काढलेली ऊर्जा दुसऱ्या दशांशापर्यंत लिहिलेली दिसली की मी तो तक्ता बाजूला ठेवतो.

तरीही हा आकडा कामाचा आहे, कारण तो छत दाखवतो. एक मिथिल गट पूर्ण झाकला गेला तर जास्तीत जास्त ३० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास लपतात, म्हणजे पाऊण किलोकॅलरी, म्हणजे साडेतीनपट फायदा. एखाद्या शोधनिबंधात एका मिथिलनं शंभरपट फायदा झाल्याचं वाचलं तर समजा की तिथे क्षेत्रफळापलीकडे काहीतरी घडलंय. बहुधा त्या मिथिलनं रेणूला वळवून खोबणीला हव्या त्या ढबीत आधीच बसवलेलं असतं. २०१२मध्ये विल्यम जॉर्गेन्सन यांच्या गटानं हायड्रोजनच्या जागी मिथिल आणल्याची दोन हजारांहून अधिक उदाहरणं तपासली. दहापट किंवा त्याहून जास्त फायदा झालेली उदाहरणं ८ टक्के आणि शंभरपट फायद्याची दोनशेत एक निघाली. बाकीच्या मिथिलांनी थोडं दिलं, काही दिलं नाही किंवा नुकसान केलं.

आता पिंपरीच्या फर्मेंटरकडे. बुरशीला स्वतःच्या मर्जीवर सोडलं तर ती वेगवेगळ्या शाखांची पेनिसिलिनं बनवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या पेनिसिलिनला पाच कार्बनची शाखा होती आणि अमेरिकेतल्या पिओरियाच्या प्रयोगशाळेत मक्याच्या भिजवणीचं पाणी वापरल्यावर बेंझिलची शाखा असलेलं पेनिसिलिन जी भरभरून मिळालं. पुढे फेनिलअॅसेटिक आम्ल बाहेरून थोडं थोडं घालणं ही जगभरची रीत झाली. थोडं थोडं का? कारण जास्त झालं तर ते बुरशीलाच मारक ठरतं. म्हणजे आपलं कडं टाकीत येतानाच पहिला धडा देतं : तेलकट रेणू पेशीच्या पडद्यात घुसतो, आणि तिथे कोणाला किती दुखवायचं हे तो विचारून घुसत नाही.

नंतर गाळलेल्या ब्रॉथमधून पेनिसिलिन ओढून काढायचं. पीएच २ ते २.५वर आणून थंड ठेवून ब्युटिल अॅसिटेटमध्ये घेतात, मग साधारण ७ पीएचच्या पाण्यात परत आणतात. थंड आणि झटपट, कारण आम्लात पेनिसिलिन तुटतं. प्रथिनांशी या पायरीचा काही संबंध नाही असं वाटेल. पण इथेच लॉग पीचा, म्हणजे ऑक्टॅनॉल-पाणी वाटपाच्या लॉगचा, खरा अर्थ दिसतो. कडं तेच, क्षेत्रफळ तेच, तरी आम्लात रेणू द्रावकात जातो आणि उदासीन पाण्यात माघारी फिरतो, कारण त्याच्या कार्बॉक्सिल गटाचा पीकेए सुमारे २.७ आहे. आम्लात तो गट भाररहित, वर गेलं की ऋणभारित. पेनिसिलिन जीच्या भाररहित रूपासाठी छापलेला लॉग पी १.८ घेऊन रक्ताच्या ७.४ पीएचवरचं भाकीत केलंत तर उत्तर लॉगच्या चार-साडेचार घरांनी चुकेल. अशा रेणूसाठी लॉग डी, म्हणजे भारित-भाररहित सगळी रूपं धरून केलेल्या वाटपाचा लॉग, काढा, तोही नेमक्या पीएचवर. आणि डॉकिंगला बसवण्याआधी लिगँडला त्या पीएचचा भार द्या. हे एवढं साधं पाऊल किती वेळा राहून जातं, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरा मुक्काम सगळ्यात महत्त्वाचा. नवी पेनिसिलिनं बनवायची तर जुनी शाखा कापून मधलं केंद्रक, ६-एपीए, मोकळं करावं लागतं. बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५७मध्ये ते वेगळं केलं. रासायनिक पद्धतीत त्यासाठी उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइड लागतं. पेनिसिलिन अॅसायलेज हे विकर तेच काम साध्या पाण्यात, कोमट तापमानाला करतं. या विकरावर पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, आणि पिंपरीत एच.ए.मध्ये बरीच वर्षं काम झालं. १९८९मध्ये एच.ए.चे जे. जी. शेवाळे आणि एनसीएलचे एच. शिवरामन यांनी या विकराच्या उत्पादनाचा आणि ६-एपीए बनवण्यातल्या वापराचा आढावा ‘प्रोसेस बायोकेमिस्ट्री’त लिहिला. जुना आहे, पण ग्रंथालयात मिळाला तर वाचाच.

हे विकर आतून कसं दिसतं ते १९९५मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. ई. कोलायच्या या विकराला दोन साखळ्या आहेत : ए २०९ अमिनो आम्लांची आणि बी ५५७ची. बी साखळीच्या अगदी सुरुवातीची सेरीन काप घेते. तिच्या शेजारी एक खोल खोबण आहे आणि आपलं बेंझिनचं कडं तिच्यात जातं. खोबणीच्या भिंती पाहा : बी साखळीतली फेनिलअॅलनीन २४ आणि ५७, व्हॅलीन ५६, आयसोल्युसीन १७७, ट्रिप्टोफॅन १५४, आणि ए साखळीतली मेथिओनीन १४२ व फेनिलअॅलनीन १४६. भिंती तेलकट, पाहुणा तेलकट. म्हणूनच हे विकर अमाइनच्या बाजूला काय जोडलंय याची फारशी पर्वा करत नाही, पण आम्लाच्या बाजूला त्याला फेनिलअॅसेटिकच हवं असतं.

पण थांबा. फक्त तेलकट क्षेत्रफळानंच सगळं ठरत असतं, तर कड्याला आणखी काही जोडून क्षेत्रफळ वाढवलं की बंधन आणि गती दोन्ही वाढायला हवीत. तसं होत नाही. पेनिसिलिन व्हीमध्ये कडं आणि कार्बन यांच्यामध्ये एक ऑक्सिजन आहे. शाखा जरा लांब होते आणि ई. कोलायचं विकर तिला बरंच हळू कापतं. १९९८च्या एका अभ्यासात फेनिलअॅसेटिक आम्लाचे वेगवेगळे भाऊबंद या खोबणीत बसवून पाहिले. काही बसले तेव्हा खोबण जशीच्या तशी राहिली, काहींच्या वेळी ए साखळीतली आर्जिनीन १४५ आणि फेनिलअॅलनीन १४६ जागा सोडून बाजूला झाली. प्रथिनाला हलवायला ऊर्जा लागते आणि ती पाहुण्याच्याच खात्यातून वळती होते. क्षेत्रफळाचा साधा गुणाकार हा खर्च धरत नाही. पेनिसिलिन व्ही आवडीनं कापणारं विकर वेगळंच आहे. बॅसिलस स्फेरिकसमधल्या त्या विकराची रचना एनसीएलचे सी. जी. सुरेश आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गटाबरोबर १९९९मध्ये प्रसिद्ध केली. त्यात काप घेणारी सेरीन नसून सिस्टीन आहे. दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट आहेत. शेजारी शेजारी उघडून बसा, एका संध्याकाळीत पुस्तकाच्या प्रकरणापेक्षा जास्त कळेल.

या खोबणीची आणखी एक खोड कारखान्याला भोवते. काप झाल्यावर सुटं झालेलं फेनिलअॅसेटिक आम्ल त्याच खोबणीत पुन्हा बसू शकतं, त्यामुळे जसं रूपांतर पुढे सरकतं तसं विकर आपल्याच उत्पादनानं अडतं. शिवाय आम्ल सुटत असल्यामुळे पीएच खाली येतो, म्हणून ८च्या आसपास ठेवायला अल्कली सतत घालावी लागते. प्रयोगशाळेत अशा विकराचं बंधन मोजताना सुरुवातीच्या काही टक्के रूपांतरावरचीच गती घ्या. नंतरच्या बिंदूंत दोन पाहुणे एकाच खोबणीसाठी भांडत असतात, आणि तुमचा आलेख त्या भांडणाचं मोजमाप करतो.

आता झाकलेलं क्षेत्रफळ प्रत्यक्ष कसं काढायचं. रचना उघडा. प्रथिन एकटं, लिगँड एकटा आणि दोघं मिळून, अशी तीन क्षेत्रफळं काढा. फ्रीसासा किंवा पायमॉल यांपैकी काहीही चालेल. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरं वजा केलं की झाकलेलं क्षेत्रफळ मिळतं. मग ते कार्बन-गंधक आणि नायट्रोजन-ऑक्सिजन असं विभागा. अंदाजासाठी पहिला वाटा तेलकट धरा, दुसरा पाण्याचा. पायमॉलमध्ये क्षेत्रफळ पाण्याच्या गोलानं मोजायचं की रेणूच्या कातडीनं, ही सेटिंग तपासून घ्या. नुसतं बटण दाबलं तर कातडीचं क्षेत्रफळ मिळतं आणि तुमचे आकडे छापील आकड्यांशी कधीच जुळत नाहीत. रचनेतले पाण्याचे रेणू काढून टाकायचे, पण आधी एकदा बघून : खोबणीच्या तळाशी दोन हायड्रोजन बंधांनी घट्ट बसलेलं पाणी असेल, तर ते तिथलं कायमचं रहिवासी आहे, त्याला हाकलायला किंमत पडेल.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहा, जी बहुतेक जण पाहत नाहीत : जोडणीनंतरही लिगँडची किती तेलकट बाजू पाण्यात उघडी राहिली? खोबणीबाहेर लोंबणारं कडं गुणसंख्या वाढवत नाही, रेणू मात्र जड आणि चिकट करतं. औषधाच्या दृष्टीनं ते शुद्ध ओझं.

ओझं म्हणजे काय, हे कड्याचा चौथा मुक्काम सांगतो. पेनिसिलिन रक्तात गेलं की त्याला भेटतं अल्ब्युमिन. या प्रथिनाच्या खोबणी तेलकट, तोंडापाशी धनभार, त्यामुळे ऋणभारित आणि तेलकट अशी दोन्ही बिरुदं असलेले रेणू त्याला विशेष भावतात. पेनिसिलिन जीचा सुमारे ६० टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. अँपिसिलिनचा सुमारे २०. दोघांत फरक एका अमिनो गटाचा. ऑक्सासिलिन सुमारे ९३, क्लॉक्सासिलिन ९५, डायक्लॉक्सासिलिन ९७. पुस्तकागणिक एक-दोन टक्के इकडेतिकडे होतील, क्रम बदलणार नाही.

टक्के इथे फसवतात. ९५ आणि ९७मध्ये काय मोठा फरक, असं वाटतं. म्हणून चिकटलेला भाग भागिले सुटा भाग असं गुणोत्तर काढा. पेनिसिलिन जी : ६० भागिले ४०, दीड. अँपिसिलिन : २० भागिले ८०, पाव. म्हणजे एक अमिनो गट आल्यानं सहापट घट, शरीराच्या तापमानाला सुमारे १.१ किलोकॅलरी. ऑक्सासिलिन १३, क्लॉक्सासिलिन १९, डायक्लॉक्सासिलिन ३२. दर क्लोरीनमागे दीड ते पावणेदोन पट. आता ऑक्टॅनॉलचा नियम आठवा : बेंझिनच्या कड्यावरचा एक क्लोरीन ऑक्टॅनॉलकडे पाचपट कल वाढवतो. अल्ब्युमिननं त्या पाचातलं थोडंच दिलं. मला वाटतं, या विषयातला सगळ्यात कामाचा धडा या तीन आकड्यांत आहे. रेणूवर तेलकट क्षेत्रफळ आलं, पण ते सगळं झाकलं गेलं नाही. कड्याच्या काठावरचे क्लोरीन कड्याची दिशाही फिरवतात. ऑक्टॅनॉल चारी बाजूंनी वेढतो, प्रथिनाची खोबण एक-दोन बाजूंनीच.

आणि हे चिकटणं औषधाच्या फायद्याचं नाही. जिवाणूवर काम करतो तो सुटा भाग. अँपिसिलिननं तेलकटपणा सोडला, अमिनो गट घेतला, आणि त्यामुळेच त्याला ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यातल्या पाणथळ वाटांमधून आत शिरणं सोपं झालं. तेलकटपणा वाढवला तर रेणू जास्त ठिकाणी चिकटतो, कमी केला तर कधी कधी जास्त ठिकाणी पोहोचतो.

   

आता पुन्हा डॉकिंगच्या यादीकडे. महाविद्यालयांत बहुतेक ऑटोडॉक व्हिना वापरतात, कारण ते फुकट आणि वेगवान आहे. त्याच्या गुण देण्याच्या सूत्रात तेलकट अणूंच्या जोडीला उणे ०.०३५ आणि हायड्रोजन बंधाला उणे ०.५८७ असं वजन आहे. वरवर पाहता हायड्रोजन बंध सोळापट भारी. पण एक कार्बन खोबणीतल्या अनेक कार्बनांशी जोड्या लावतो, आणि त्याशिवाय आकार जुळल्याचे वेगळे गुण प्रत्येक अणूला मिळतात. त्यामुळे अणू वाढले की गुण वाढतात. खोबणीतलं पाणी हाकलायला लागलेली किंमत आणि प्रथिन हलायला लागलेली किंमत हे सॉफ्टवेअर जवळजवळ विचारतच नाही. याचा अर्थ व्हिना वाईट असा नाही. ते बसण्याची ढब बरी सांगतं. दोन असमान आकाराच्या रेणूंतला विजेता मात्र त्याला विचारू नका.

त्यासाठी दोन भागाकार-वजाबाक्या पुरतात. पहिली, बंधनाची ऊर्जा भागिले हायड्रोजन सोडून उरलेल्या अणूंची संख्या. हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ही लिगँड कार्यक्षमता रूढ केली, आणि अणूमागे ०.३ किलोकॅलरी हा सर्वसाधारण उंबरठा मानतात. दुसरी, पीआयसी५० (प्रतिबंध निम्म्यावर आणणाऱ्या संहतीचा उणे लॉग) वजा लॉग पी. ही लीसन आणि स्प्रिंगथॉर्प यांनी २००७मध्ये पुढे आणली. समजा एका रेणूची पीआयसी५० ६ आहे, लॉग पी २, अणू २२. दुसऱ्याची पीआयसी५० ७, लॉग पी ४.५, अणू ३४. दुसरा दहापट ताकदवान. पण पहिल्याची कार्यक्षमता अणूमागे ०.३७, दुसऱ्याची ०.२८. पहिल्याची वजाबाकी ४, दुसऱ्याची २.५. दुसऱ्यानं आपली वाढीव ताकद तेल ओतून विकत घेतली आहे. पुढच्या फेरीत मी पहिला नेईन. कुन्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवलं होतं की उत्तमोत्तम लिगँडसुद्धा अणूमागे सुमारे दीड किलोकॅलरीवर थांबतात आणि पंधराएक अणूंनंतर ताकदीचा आलेख सपाट होऊ लागतो. ३४ अणूंच्या रेणूनं आणखी दहा अणूंची भर घालून चमत्कार होण्याची वाट पाहू नये.

ज्यांच्याजवळ आयटीसी, म्हणजे बंधनाची उष्णता मोजणारं यंत्र, पोहोचण्याजोगं आहे त्यांनी एकाच तापमानाच्या मोजणीवर थांबू नये. तीन तापमानांना मोजा आणि उष्णतेचा उतार काढा. तेलकट पृष्ठभाग झाकला गेला असेल तर उष्णताधारकतेतला बदल ठळक ऋण येतो, दर चौरस अँगस्ट्रॉममागे सुमारे ०.३ ते ०.४५ कॅलरी प्रति अंश. २०० चौरस अँगस्ट्रॉमला उणे ६० ते ९०. बंधन एंट्रॉपीमुळे झालं म्हणजेच हायड्रोफोबिक, असा सरळ निष्कर्ष मात्र काढू नका. उंदराच्या लघवीतलं एक प्रमुख प्रथिन आहे, त्याची खोबण इतकी तेलकट आणि इतकी नीट न भिजलेली की लिगँड आत जाताना हाकलायला फारसं पाणीच नसतं. तिथे तेलकट लिगँड बसतो, पण फायदा उष्णतेच्या रकान्यात दिसतो.

प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या सापळ्यांबद्दल आता पटापट. तेलकट लिगँड पॉलिप्रॉपिलीनच्या नळीला चिकटतो. तुम्ही १० मायक्रोमोलर लिहिता, द्रावणात त्याहून कमी उरलेलं असतं. रिकाम्या नळीत ठेवून तासाभरानं परत मोजून बघा. डीएमएसओ सगळीकडे सारखं ठेवा, शक्यतो एक टक्क्याच्या आत. पातळ करताना रेणू एकमेकांचे गोळे करतात आणि ते गोळे कुठल्याही विकराला गुंडाळून बंद पाडतात. ब्रायन शॉइशे यांच्या गटानं या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवल्यावर कितीतरी ‘प्रतिबंधक’ रेणू यादीतून गेले. तपासायला ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून प्रयोग पुन्हा करा. प्रतिबंध नाहीसा झाला तर तो खोबणीमुळे नव्हता.

क्यूसीतल्या मंडळींना एक फायदा आयताच आहे, आणि तो त्यांना कोणी सांगत नाही. तुमचा सी-१८ कॉलम दिवसभर तेलकट क्षेत्रफळाचंच माप घेत असतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन जी, पेनिसिलिन व्ही, मग ऑक्सासिलिन, क्लॉक्सासिलिन आणि शेवटी डायक्लॉक्सासिलिन, असा बाहेर पडण्याचा क्रम असतो. अल्ब्युमिनला चिकटण्याचा क्रमही जवळजवळ हाच. नव्या रेणूचा लॉग पी संगणकावर काढून समाधान मानण्यापेक्षा या ओळखीच्या मालिकेत तो कोणाच्या मागे, कोणाच्या पुढे येतो ते बघा. एकच मोबाइल फेज, एकच पीएच, एक दुपार. पीएच मात्र नोंदवा, कारण अमिनो आणि कार्बॉक्सिल गट असलेले हे रेणू पीएच हलला की रांगेत जागा बदलतात.

आणि डॉकिंगवाल्यांनी पुढच्या वेळी सर्वोत्तम लिगँडच्या शेजारी त्याचाच एक गरीब भाऊ बसवावा : तेलकट कडं काढून टाकलेला, बाकी सगळा तसाच. दोघांचे गुण, दोघांचं झाकलेलं आणि उघडं राहिलेलं तेलकट क्षेत्रफळ, दोघांची अणूमागची ऊर्जा, एवढे आकडे एका तक्त्यात लिहावेत. कडं काढल्यावर अणूमागची ऊर्जा वाढली, तर अहवालात त्या गरीब भावाचं चित्र छापा.